मेंदूच बिघडलाय, तर बोलून काय होणार?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): पुण्यातल्या धायरीहून एका आईने लिहिलं आहे. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. दोन वर्षांपूर्वी पेठेतला वाडा पाडायला घेतला तेव्हा हे कुटुंब धायरीच्या फ्लॅटमध्ये आलं, मुलाची शाळा बदलली. गेल्या वर्षभरात त्याने आजीच्या कपाटातून अनेकदा पैसे काढले, वर्गातल्या एकाला पट्ट्याने मारून त्याचं बोट मोडलं, सोसायटीतल्या कुत्र्याला दगड मारून लंगडं केलं. शाळेच्या नावाने निघतो आणि सिंहगड रोडवर मोठ्या मुलांच्या गाड्यांवर फिरतो. मोबाइलमध्ये कोयता घेतलेल्या मित्राचं रील सापडलं. शाळा म्हणते, दाखला काढून न्या. मानसोपचारतज्ज्ञांनी 'कंडक्ट डिसऑर्डर' असं निदान केलं. गोळी दिली नाही. मुलासाठी वर्तनोपचार सांगितले आणि आईवडिलांनाही दर आठवड्याला सत्राला बोलावलं. वडील म्हणतात, "मेंदूच बिघडलाय तर गप्पा मारून काय होणार? आणि चूक त्याची, तर वर्ग आपण का करायचे?" नणंद म्हणते, आधी एमआरआय करा. पोलिसात असलेला मामा म्हणतो, एकदा येरवडा आतून दाखवून आणतो, सुतासारखा सरळ येईल. आजोबांनी लांबच्या, कडक शिस्तीच्या एका निवासी शाळेचा अर्ज आणून ठेवला आहे. आई विचारते : अशा उपचारांनी मेंदू खरंच बदलतो का? की आम्ही वेळ घालवतोय?

ताई,

घरातली चार माणसं चार दिशांना ओढताहेत असं तुम्हाला वाटतंय. पत्र वाचताना मला मात्र सगळे एकाच गोष्टीवर ठाम दिसले. बिघाड मुलात आहे, तेव्हा त्याला कुठे तरी न्यायचं, तिथे कुणी तरी त्याच्यावर काही तरी करायचं आणि दुरुस्त झालेला मुलगा परत आणायचा. वाद आहे तो फक्त कुठे न्यायचं यावर. "मेंदू बदलतो का?" या तुमच्या प्रश्नातही थोडी तीच अपेक्षा आहे. उत्तर देते, पण ते तुम्हाला हवं त्यापेक्षा जरा वेगळ्या वाटेने जाईल.

आधी तुमच्या यजमानांचं वाक्य. डॉक्टरांनी मेंदू बिघडल्याचं सांगितलेलं नाही. कंडक्ट डिसऑर्डरचं निदान वागणुकीवरून होतं. माणसांशी किंवा प्राण्यांशी क्रूरपणा, मालमत्तेची नासधूस, फसवणूक किंवा चोरी, आणि नियमांची गंभीर मोडतोड अशा चार गटांत मिळून पंधरा लक्षणं आहेत. त्यांतली किमान तीन गेल्या बारा महिन्यांत दिसावी लागतात आणि निदान एक गेल्या सहा महिन्यांतलं असावं लागतं. शंभरात दोन-तीन मुलांमध्ये हे आढळतं. म्हणजे तुमच्या सोसायटीजवळच्या कुठल्याही मोठ्या शाळेत तुमच्यासारखी आणखी काही घरं असणार, फक्त ती पत्र लिहीत नाहीत.

मेंदूत फरक दिसतात हे मात्र खरं आहे. २०२४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या देशांतल्या ७ ते २१ वयाच्या सुमारे २,४०० मुलामुलींचे एमआरआय त्यात एकत्र तपासले होते, त्यातली जवळपास निम्मी कंडक्ट डिसऑर्डरची. या मुलांमध्ये मेंदूच्या बाहेरच्या थराचं क्षेत्रफळ सरासरीने थोडं कमी होतं. धोक्याची आणि दुसऱ्याच्या भीतीची दखल घेणारा अमिग्डाला, आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस आणि बक्षिसाची चाहूल घेणारे खोलातले काही भागही किंचित लहान होते. यातल्या 'सरासरीने' या शब्दावर बोट ठेवा. दोन्ही गटांतली मुलं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की एकट्या मुलाचा एमआरआय पाहून त्याला हा विकार आहे की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून नणंदबाईंना सांगा, एमआरआयने निदान होणार नाही, उपचारही ठरणार नाहीत. फिट येत असतील, डोक्याला मोठा मार लागला असेल, किंवा स्वभावात अचानक बदल होऊन सोबत डोकेदुखी-उलट्या असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टर स्वतःच तपासणी सांगतील. आणि 'ब्रेन मॅपिंग'ची रंगीत चित्रं दाखवून महागडी पॅकेजेस विकणारे किंवा 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'वाले भेटले, तर पाकीट खिशातच राहू द्या.

आता बदलाचा प्रश्न. सवयीने जे जे बदलतं ते मेंदूतच बदलतं, दुसरी जागाच नाही. तबल्यावर वर्षभर रियाझ केला की बोटं चालायला लागतात, तेव्हा खरं शिकलेला असतो मेंदू. वर्तनोपचार हाही रियाझच आहे, राग यायच्या आणि हात उठायच्या मधल्या क्षणाचा. तो मोजायचा प्रयत्नही झाला आहे. टोरांटोमध्ये आक्रमक वागणाऱ्या ८ ते १२ वयाच्या मुलांना बोधनात्मक (म्हणजे विचारांवरही काम करणारा) वर्तनोपचार आणि त्यांच्या पालकांना प्रशिक्षण असा जोड कार्यक्रम दिला गेला. मुलांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून, त्यांना मुद्दाम चिडवणारा संगणकावरचा एक खेळ देऊन, आधी आणि नंतर मेंदूतले विद्युत संकेत नोंदवले. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांचं वागणं सुधारलं, त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातला, स्वतःला आवरताना उमटणारा संकेत बदलला होता. ज्यांचं सुधारलं नाही, त्यांचा तसाच राहिला.

या अभ्यासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तो संकेत वाढला नव्हता, कमी झाला होता. पहिल्यांदा त्या मुलांचा मेंदू आवरण्यासाठी आटापिटा करत होता आणि तरी हरत होता. नंतर तेच काम कमी श्रमात होऊ लागलं. "त्याला स्वतःवर ताबा ठेवायचाच नाहीये," असं तुम्ही लिहिलंय. कदाचित तो ठेवायला जातो आणि जमत नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

असे अभ्यास संख्येने थोडे आहेत आणि त्यातली मुलंही थोडीच असतात, म्हणून "बारा सत्रांत मेंदू नवा" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. वागणूक सुधारते याचा पुरावा त्या मानाने खूप मोठा आणि जुना आहे. तुम्हाला जे मोजायचंय तेही घरातच मोजता येईल : आठवड्यात किती दिवस शाळेत गेला, किती वेळा हात उचलला, किती वेळा खोटं पकडलं गेलं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलने खूण करा. एमआरआयपेक्षा ती दिनदर्शिका जास्त सांगेल, आणि तुमच्या डॉक्टरांनाही तीच हवी असेल.

मेंदूच्या संशोधनातून घरापर्यंत आणण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती तुमच्या यजमानांच्या मारापाशी येऊन थांबते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जेम्स ब्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना साधे खेळ दिले. काही चित्रं निवडली की गुण मिळतात, काही निवडली की जातात. मुलाने ते शिकून घ्यायचं. विध्वंसक वर्तनाच्या मुलांमध्ये, अपेक्षेपेक्षा वेगळं घडल्यावर "अरे, हे चुकलं" अशी जी नोंद मेंदूत व्हायला हवी, ती फिकी पडलेली दिसली. म्हणजे शिक्षा झाली, दुखलं, रागही आला, पण कशामुळे झाली हा धागा जुळलाच नाही. ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान वयाचे, भावनेने थंड वाटणारे मुलगे होते. त्यांच्यावर बाजूला बसवण्याच्या शिक्षेचा परिणाम इतरांपेक्षा कमी झाला, पण कौतुकाचा आणि बक्षिसाचा परिणाम इतरांइतकाच झाला. "मारून मारून थकलो, काही फरक नाही," असं तुमचे यजमान म्हणतात ना? त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. फक्त त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष, म्हणजे अजून कडक व्हायला हवं, तो उलटा आहे.

आता "वर्ग आपण का करायचे?" याकडे येते. सगळ्यात जास्त काम इथेच आहे.

तुमच्याच पत्रातला प्रसंग घेऊ. रात्रीचे अकरा. तुम्ही म्हणता, मोबाइल ठेव. तो ऐकत नाही. तुम्ही दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा म्हणता, आवाज चढतो. तो दाराला लाथ मारतो, आजीवर ओरडतो. खालच्या मजल्यावरचे काय म्हणतील म्हणून तुम्ही गप्प होता. घर शांत होतं. मोबाइल एक वाजेपर्यंत चालतो. यात कोण काय शिकलं? तो शिकला की लाथ मारली की आई गप्प होते. तुम्ही शिकलात की गप्प बसलं की शांतता मिळते. आणि ज्या दिवशी यजमान घरी असतात आणि कानाखाली वाजवतात, त्या दिवशी तो तिसरी गोष्ट शिकतो : ज्याचा हात जड त्याचं चालतं. वर्गातल्या मुलावर त्याने पट्टा काढला तेव्हा त्याच धड्याची उजळणी केली. अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी अशा घरांत जाऊन, तासन्‌तास बसून, कोण काय बोललं आणि त्यावर दुसऱ्याने काय केलं याच्या नोंदी ठेवल्या. त्यातून हे चक्र त्यांनी मांडलं. ते आईवडील वाईट नव्हते. दमलेले होते. तुम्हीही दमलेल्या आहात, हे पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसतं.

आठवड्यातला एक तास मुलगा उपचारकासमोर असेल. बाकीचे तास तो तुमच्याकडे, शाळेत आणि सिंहगड रोडवर आहे. रियाझ कुठे होणार? म्हणून पालकांना बोलावतात. आरोपी म्हणून कुणी बोलावत नाही. ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या मार्गदर्शक सूचना २०१३ पासून हेच सांगतात : अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पालक प्रशिक्षण हा पहिला उपचार, आणि तुमच्या मुलाच्या वयासाठी घर, शाळा, मित्र यांना एकत्र धरणारा उपचार. त्यात उपचारक घरी येतात, शाळेत जातात, तीन ते पाच महिने आठवड्यातून अनेकदा भेटतात. तसा तयार साचा आपल्याकडे सहज मिळत नाही. तो थोडाफार आपल्यालाच जुळवावा लागतो, तुमच्या डॉक्टरांनी नेमका तोच प्रयत्न केलेला दिसतो. गोळी दिली नाही म्हणजे हलक्यात घेतलं असं समजू नका. कंडक्ट डिसऑर्डरचं असं खास औषध नाही. अतिशय तीव्र आक्रमकपणात थोडे दिवस काही औषधं देतात, वजन आणि रक्त तपासत राहून. सोबत अतिचंचलता किंवा नैराश्य असेल तर त्याचं औषध मात्र जरूर उपयोगी पडतं.

सोबतचं काही आहे का, हे विचारायचा धागा तुमच्या पत्रातच आहे. "तिसरीपासून वाचायचा कंटाळा, अक्षर कोंबडीचे पाय," असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. माझं तिथेच अडलं. अध्ययन अक्षमतेची तपासणी झाली आहे का? सहा वर्षं रोज वर्गात बसून न समजणाऱ्या मुलासाठी शाळा बुडवणं ही सुटका असते, आणि उनाड ठरणं 'ढ' ठरण्यापेक्षा परवडतं. तपासणीत तसं निघालं तर प्रमाणपत्र मिळतं आणि दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. नववी संपायच्या आत हे करा. शाळेशी बोलायलाही यामुळे तुमच्या हातात काही तरी राहील. मुख्याध्यापकांना भेटताना डॉक्टरांचं पत्र न्या, आणि दाखल्याऐवजी तीन महिन्यांची मुदत मागा : रोजची हजेरी वर्गशिक्षकांनी एका ओळीत कळवायची, मधल्या सुट्टीत तो कुठे बसेल हे ठरवायचं. शाळा नाही म्हणू शकते. पण वर्षाच्या मध्ये पुन्हा शाळा बदलून हा मुलगा सुधारेल असं मला अजिबात वाटत नाही. पहिल्या बदलाचं काय झालं ते आपण पाहतोच आहोत.

त्या बदलाबद्दल थोडं. तुम्ही लिहिता, "सातवीपर्यंत तसा ठीक होता." मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये एक फरक मांडला, तो आजही निदानात वापरतात. काही मुलांचा त्रास अगदी लहानपणी सुरू होतो आणि पुढे टिकून राहण्याचा धोका मोठा असतो. काहींचा पौगंडावस्थेत सुरू होतो आणि त्यातला बराचसा वयाबरोबर, संगत बदलली की ओसरतो. सीमारेषा दहा वर्षांची धरतात. तुमच्या मुलाची हकिकत दुसऱ्या गटाकडे झुकते. यात आपोआप बरं होण्याची हमी नाही, कारण या काळात मागे लागलेली पोलीस केस, सुटलेली शाळा किंवा लागलेलं व्यसन वयाबरोबर ओसरत नाही. पण "हा आयुष्यभर असाच राहणार" असं रात्री तुमच्या मनात येतं, त्याला या हकिकतीत फारसा आधार नाही. वाडा गेला, शेजार गेला, अंगणात सतत कुणी ना कुणी लक्ष ठेवायचं ते गेलं, आणि नव्या ठिकाणी सगळ्यात आधी ओळख दिली ती गाडीवाल्या मोठ्या मुलांनी.

"त्याला कशाचंच काही वाटत नाही," हे वाक्य तुम्ही तीनदा लिहिलंय. त्याच पत्रात असंही आहे की तो रोज रात्री आजीच्या गुडघ्यांना तेल लावतो. पैसे चोरले त्याच आजीच्या. ही दोन वाक्यं तुम्ही शेजारी ठेवून पाहिली नसावीत. पश्चात्ताप नाही, दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव नाही, अशी नोंद निदानात वेगळी केली जाते. पण त्यासाठी ते किमान वर्षभर, निरनिराळ्या नात्यांत आणि ठिकाणी दिसावं लागतं. पकडला गेल्यावर मख्ख चेहऱ्याने उभा राहिलेला चौदा वर्षांचा मुलगा म्हणजे तेच, असं नाही. कुत्र्याबद्दल त्याला ओरडून झालं असेल. आता एकदा शांतपणे विचारा, दगड मारायच्या आधी काय झालं होतं.

असंच "आधी काय झालं" त्याच्या सत्रांतही विचारलं जाईल. या मुलांना दुसऱ्याच्या साध्या कृतीत शत्रुत्व पटकन दिसतं. जिन्यात धक्का लागला की "मुद्दाम मारला" हे उत्तर आधीच तयार असतं. मग शरीर तापतं, मग हात. उपचारक त्याला कान गरम होणं, दात आवळले जाणं ओळखायला शिकवेल, तिथे थांबायला, धक्क्याची आणखी दोन कारणं शोधायला, तोंडाने उत्तर द्यायला शिकवेल. खोटे प्रसंग रचून हे पुन्हा पुन्हा करून घेतात. बघताना पोरखेळ वाटेल. वडिलांना तर नक्कीच वाटेल. 'गप्पा' हा शब्द त्यांनी ज्याला वापरला, त्यात प्रत्यक्षात गप्पा फार कमी असतात.

मामांचा बेत मात्र रद्द करा. हट्टाने सांगते, कारण हा प्रयोग जगात करून झालेला आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका तुरुंगात १९७० च्या दशकात जन्मठेपेच्या कैद्यांकडून मुलांना दमदाटी करवून घेण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर पसरला. पुढे अशा नऊ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी न पाहिलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचं दिसलं. भीती चार दिवस टिकते. आत पाहिलेल्या 'भाई'चा रुबाब जास्त टिकतो. मामांना खरंच मदत करायची असेल तर त्यांनी कायदा समजावून सांगावा : अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. आणि सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, तर प्राथमिक मूल्यांकनानंतर त्याचा खटला सज्ञानासारखा चालू शकतो. तुमच्या मुलाकडे दोन वर्षं आहेत. कोयत्याचं रील 'गंमत' म्हणून काढलेलं असलं तरी पुण्यात आता त्याकडे गंमत म्हणून कुणी पाहत नाही, हे मामांनी शांत आवाजात, वर्दीशिवाय, चहा पिताना सांगावं.

निवासी शाळेचा अर्ज मी फाडा म्हणत नाही, बाजूला ठेवा म्हणते. १९९९ मध्ये मानसशास्त्रज्ञ टॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की बिघडू पाहणाऱ्या मुलांना एकत्र ठेवलं की ती एकमेकांना घडवतात, नियम मोडल्याच्या किश्शांवर जो हशा मिळतो तोच त्यांचा क्लास. 'बिघडलेल्या मुलांना सरळ करणारी' अशी ज्या शाळेची ख्याती असते, तिथे कोण कोण जमलेलं असणार हे उघड आहे. शिवाय तो परत येईल तो याच घरात, अकरा वाजताच्या त्याच मोबाइलकडे. घरात कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा टोळी पाठलाग करत असेल, तर मात्र काही काळ मावशी-काकांकडे ठेवणं मला मान्य आहे. त्याला कुणाकडे पाठवायचं हे आधी बघा, कुठल्या गावाला ते नंतर.

मग घरी काय करायचं? सत्रांत सविस्तर शिकवतील, पण सुरुवात आजपासून होऊ शकते. एकच वागणं निवडा, सगळं एकदम नको. समजा, "संध्याकाळी साडेसातला घरी." आला की लगेच, नेमकं बोला : "साडेसातला आलास, बरं वाटलं." 'शहाणा मुलगा' वगैरे नको, चौदाव्या वर्षी ते टोचतं. बक्षीस लहान आणि त्याच दिवशीचं, जास्तीचा अर्धा तास नेट किंवा शनिवारी मिसळ. चुकला तर परिणामही लहान, आधी सांगितलेला, त्याच रात्री संपणारा. महिनाभर मोबाइल बंद ही शिक्षा दुसऱ्या दिवशी तुम्हीच मोडता, आणि त्यालाही ते माहीत असतं. "चोराला वर बक्षीस?" असं सासरे म्हणतील. बक्षीस चोरीचं नाही, साडेसातचं आहे. चोरीसाठी वेगळा हिशोब : आजीचे पैसे हप्त्याने, स्वतःच्या खर्चाच्या पैशांतून किंवा घरकामातून फेडायचे. आणि आजीने मागून गुपचूप पन्नासची नोट द्यायची नाही. (ती देते. तुम्ही लिहिलं नाहीये, पण देत असणार.) बोट मोडलेल्या मुलाच्या घरी त्याला घेऊन, वडिलांनी सोबत जाऊन भेटून या. भाषण नको, खर्च विचारायचा.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तो जास्त बिघडेल. लाथ मारून आजवर काम होत होतं, ते होईना म्हटल्यावर आधी जास्त जोरात मारून बघेल. बहुतेक घरं नेमकी इथे सोडून देतात आणि "उपचार चालले नाहीत" म्हणतात. हे येणार हे आधीच ठाऊक असू द्या.

संगत तोडा म्हणून तुटत नाही, तिथे दुसरं काही भरावं लागतं. कुठे आहे, कुणाबरोबर, किती वाजता येणार हे रोज विचारणं कंटाळवाणं असतं, पण चुकवू नका. ढोल-ताशा पथक, तालीम, कबड्डी यांतलं काही त्याला रुचत असेल तर जरूर घाला. माझी अट एकच, आधी तुम्ही जाऊन तिथला वादक-प्रमुख किंवा वस्ताद पाहून या. चांगला वस्ताद असला तर तुमचं निम्मं काम होतं. वाईट असला तर सिंहगड रोड बरा.

मुलीच्या आईवडिलांसाठी एक वाक्य, कारण अशी पत्रंही येतात. मुलींमध्ये हा विकार उशिरा ओळखला जातो, मारामारीपेक्षा घरातून पळून जाणं, खोटं, दुसरीला वाळीत टाकणं अशा रूपात दिसतो, आणि घरचे तो 'चारित्र्याचा' प्रश्न करून मोकळे होतात. तिलाही हेच उपचार लागू आहेत.

उपचारक निवडताना विचारा : क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, पालकांची सत्रं असतात का, दर आठवड्याला घरी करायला काय देणार, प्रगती कशी मोजणार. "मुलाला सोडून जा, मी बघतो," असं उत्तर आलं तर दुसरा दरवाजा ठोठवा. खाजगी फी परवडत नसेल तर ससूनच्या मनोविकार विभागात जा. रात्रीबेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, विनामूल्य, मराठीत बोलता येतं. मुलगा स्वतःला इजा करण्याबद्दल बोलला तर ते 'नाटक' समजू नका, या मुलांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. घरात हत्यार सापडलं किंवा कुणावर चालून आला तर ११२ लावायला लाजू नका, समजूत नंतर घालता येईल.

पुढच्या सत्राला एकट्या जाऊ नका. यजमानांना सुट्टी नसेल तर त्यांची साप्ताहिक सुट्टी ज्या वारी असते त्या वाराची वेळ मागून घ्या, आठवडाभर उशीर झाला तरी चालेल. ते यायला तयार नसतील तर त्यांना हे पत्र वाचायला द्या आणि सांगा, दिनदर्शिकेवरच्या खुणा करायचं काम त्यांचं.